खालचा हात ढकलायचा की उचलायचा?

पोल व्हॉल्टचा, म्हणजे लांब काठीच्या (पोलच्या) आधाराने उंच बारवरून उडी मारायच्या खेळाचा, कुठलाही गाजलेला फोटो घ्या, बहुतेक वेळा तो टेकऑफचाच असतो. पाय नुकताच जमिनीवरून सुटलाय, पोल वाकायला लागलाय, वरचा हात डोक्यावर पूर्ण ताणलेला आणि खालचा हात पोलला टेकून समोर जवळजवळ सरळ. दिसतं भारीच. पण हा फोटो बघून कित्येक व्हॉल्टर्स एकच अर्थ काढतात की खालच्या हाताने पोल पुढे ढकलला म्हणून तो वाकला. मग मैदानावर येऊन तेच करायला जातात, खांद्यात जेवढी ताकद आहे तेवढी त्या खालच्या हातात ओततात, आणि वर्षभर त्याच उंचीवर अडकून बसतात. माझं मत विचाराल तर या एका फोटोने जेवढं नुकसान केलंय तेवढं वाईट कोचिंगनेही केलं नसेल.

(इथे सगळीकडे मी उजव्या हाताच्या व्हॉल्टरबद्दल बोलतोय, म्हणजे वरचा हात उजवा, खालचा डावा आणि टेकऑफचा पाय डावा. डावखुऱ्यांनी आरशात बघावं.)

फोटोत जे दिसतं ते खोटं नाहीये, हात सरळ असतोच. प्रश्न हा की तो सरळ का आहे. थोडी भूमिती करून बघू, कागद-पेन्सिल पुरेल. समजा ग्रिप, म्हणजे वरच्या हाताची पकड, पोलच्या खालच्या टोकापासून पाच मीटरवर आहे, वरचा हात जमिनीपासून सव्वादोन मीटरवर आणि बॉक्सची, म्हणजे पोलचं टोक रोवायच्या खड्ड्याची, खोली २० सेंटिमीटर, म्हणजे पोल सरळ असताना जमिनीशी साधारण २९ अंशाचा कोन करतो. दोन हातांत ६० सेंटिमीटर अंतर धरलं तर डावी मूठ उजवीपेक्षा जेमतेम ३० सेंटिमीटर खाली येते पण अर्धा मीटरभर पुढे जाते. म्हणजे जमिनीपासून जवळजवळ दोन मीटरवर, कपाळाच्याही वर. आता डाव्या खांद्यापासून त्या मुठीपर्यंतचं अंतर काढा, ते बऱ्यापैकी उंच माणसाच्या हाताच्या लांबीएवढंच भरतं. थोडक्यात, उजवा हात खरंच पूर्ण वर गेला असेल तर डाव्याला तिथे पोचण्यासाठी सरळ व्हावंच लागतं. ढकलायचा संबंधच नाही, पोचायचा संबंध आहे. आणि म्हणूनच दोन हातांत कमी अंतर ठेवणाऱ्या किंवा लांब हातांच्या व्हॉल्टरचं कोपर त्याच क्षणी चांगलं वाकलेलं दिसतं, तरी त्याची उडी मस्त जाते, तेव्हा फोटोवाल्यांची पंचाईत होते.

बरं, ढकलून पोल वाकतो तरी किती? सत्तर किलोचा माणूस सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाने येतोय, तर त्याच्यात धावण्यामुळे आलेली ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या वर जाते. आता डाव्या हाताने ३०० न्यूटन जोर लावला आणि तोही ३० सेंटिमीटरभर, जे टेकऑफच्या त्या घाईत सोपं नाही, तर झालं ९० ज्यूल काम. तीन हजारांपुढे नव्वद! पोल वाकतो तो धावत आलेलं अख्खं शरीर वरच्या हातामार्फत त्याच्यावर जाऊन आदळतं म्हणून, लांब काठी टोकाकडून दाबली की मधून फुगते तसाच तो फुगतो. हेही मान्य करायला हवं की दोन हातांच्या जोडीने, म्हणजे उजवा मागे-खाली खेचला जातोय आणि डावा पुढे-वर दाबतोय अशा जोडीने, पोलला वळण द्यायला मदत होते, वाकायची सुरुवात लवकर आणि मऊ होते. हे मेकॅनिक्स खरं आहे. ढकलवाद्यांचा सगळा किल्ला याच एका खऱ्या गोष्टीवर उभा आहे. पण सुरुवात सोपी झाली याची किंमत पुढे मोजावी लागते, आणि ती जबर असते.

किंमत काय ते सांगतो. पोलला दोन कामं एकाच वेळी करायची असतात, वाकायचं असतं आणि बॉक्समधल्या टोकाभोवती फिरून उभंही व्हायचं असतं. व्हॉल्टरला पण दोन कामं असतात, पोलबरोबर पुढे जायचं आणि वरच्या हाताभोवती झुलायचं. तुम्ही डावं कोपर लॉक केलंत की तुमची छाती पोलपासून ठरावीक अंतरावर अडकते. शरीर पुढे जायला बघतंय आणि हातच म्हणतोय थांब. कुणी तुम्हाला घरात ओढतंय आणि तुम्ही दाराच्या चौकटीला हात लावून उभे आहात, तसा प्रकार. ओढणाऱ्याची ताकद वाया, तुमची वाया आणि चौकटीवर ताण. छाती पुढे येत नाही म्हणून शरीर ताणलं जात नाही, ताणलं जात नाही म्हणून मागच्या पायाचा झोका आखूड होतो, पाय लांब ठेवून झुलण्याऐवजी गुडघे पोटाशी घेऊन माणूस गोळा होतो, आणि पोल मात्र मस्त वाकलेला. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पोल वाकतो पण पुढे जात नाही, मग तो सरळ होताना माणसाला वर फेकण्याऐवजी मागे किंवा बाजूला फेकतो, आणि तो पडतो पिटच्या, म्हणजे पडायच्या गादीच्या, अगदी तोंडाशी, कधी कधी बॉक्समध्ये. बॉक्समध्ये पडणं ही या खेळातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, त्यावर विनोद करू नये.

मी कुणाची उडी पहिल्यांदा बघतो तेव्हा पोल किती वाकला हे बघतच नाही. पाठ पिटवर कुठे पडली ते बघतो. बार बॉक्सच्या मागच्या कडेपासून ८० सेंटिमीटरपर्यंत आत सरकवता येतो, चांगले व्हॉल्टर तो बऱ्याचदा तिथेच ठेवतात कारण त्यांच्याकडे पुढे जायचा वेग शिल्लक असतो. डावा हात लॉक करणाऱ्याला ८० द्या, तो बारवर उतरतानाच दिसेल.

गंमत म्हणजे हा प्रश्न जुन्या लोकांना नव्हताच. बांबूच्या आणि नंतर धातूच्या पोलच्या काळात प्लांट करताना, म्हणजे पोल बॉक्समध्ये रोवताना, खालचा हात सरकवून वरच्या हाताला चिकटवायचे, दोन्ही मुठी जवळजवळ एकत्र. कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये बांबूवर ४.७७ मीटर मारली ती अशीच. दोन हातांत अंतरच नाही तर ढकलणार काय? पोल न वाकणारा, त्यामुळे तो उभा करायचा एकच मार्ग, हात जास्तीत जास्त उंच नेऊन उडी मारायची आणि त्याला लटकायचं. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला फायबरग्लासचे पोल सर्रास वापरात आले, १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने ४.८३ चा विश्वविक्रम त्यावर केला, आणि अचानक सगळ्यांना वाकणारी काठी मिळाली. वाकणारी म्हटल्यावर ती वाकवायची हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. हात एकमेकांपासून लांब ठेवा, खालचा हात घट्ट धरा, वाकवा. चूक म्हणून म्हणत नाही, नवीन वस्तू हातात आली की तिच्यात जे नवीन आहे त्यावरच सगळ्यांचं लक्ष जातं.

व्हिताली पेत्रोव्हचं मोठेपण मला इथे दिसतं. सर्गेई बुबकाचा कोच. त्याने वाकणाऱ्या पोलचा टेकऑफ न वाकणाऱ्या पोलसारखाच विचारात घेतला. पोल वाकवायचाय हे विसरा, तो फिरवून उभा करायचाय हे लक्षात ठेवा, हात उंच न्या, उडी मारा, आणि पोलचं टोक बॉक्सच्या मागच्या भिंतीला भिडतं ना भिडतं तोच पाय जमिनीवरून सुटलेला असू दे. याला फ्री टेकऑफ म्हणतात. १९८३ मध्ये हेलसिंकीला पहिल्या जागतिक स्पर्धेत एकोणीस वर्षांचा बुबका ५.७० मारून जिंकला, १९८५ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा ६ मीटर ओलांडले आणि १९९४ मध्ये सेस्त्रिएरला ६.१४. त्याचे टेकऑफचे जुने व्हिडिओ स्लो करून बघा. डावा हात वर जातोय, पोल धरून ठेवतोय, दाब आहे, पण लॉक नाहीये. पोलवर भार आला की कोपर थोडं बाहेर उघडतं आणि छाती पुढे निघून जाते. हाच पेत्रोव्ह पुढे इटलीच्या जिबिलिस्कोचा कोच होता जो २००३ ला विश्वविजेता झाला, आणि येलेना इसिनबायेव्हा २००९ मध्ये ५.०६ वर गेली तेव्हाही तिच्यामागे तोच. इतक्या वेगवेगळ्या शरीरांवर एकच विचार चालतो म्हणजे त्यात दम आहे, असं मी तरी धरतो.

फ्री टेकऑफ झाला की डाव्या हाताला ढकलायला वेळच उरत नाही हे कुणी फारसं बोलत नाही. पाय जमिनीवर असताना टोक भिंतीला भिडलं तर पोलचा सगळा धक्का अंगावर येतो, कारण मागे जमीन आहे आणि पुढे भिंत, मधे तुम्ही. तेव्हा डावा हात आपोआप ताठ होतो, तो बचाव असतो. त्यामुळे एखाद्याचा हात लॉक दिसला की मी हाताला दोष देण्याआधी पाय बघतो. नव्वद टक्के वेळा, हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझ्या चिडचिडीतला आहे, तर नव्वद टक्के वेळा पाय आत पडलेला असतो, म्हणजे वरच्या हाताच्या सरळ खाली असायला हवा त्यापेक्षा बॉक्सच्या बाजूला. मग हाताला कितीही शिव्या द्या, तो बिचारा फक्त तुम्हाला पोलवर नाक आपटण्यापासून वाचवतोय.

आणि पाय आत का पडतो? बऱ्याचदा प्लांट उशिरा होतो म्हणून. म्हणजे गोष्ट परत डाव्या हातावरच येते, फक्त वेगळ्या कारणाने. रनअपमध्ये डावा हात हा पोलचा टेकू असतो, पोलचं वजन अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात बसलेलं असतं आणि उजवा हात कमरेशी मागे दाबून टोक वर ठेवतो. टोक हळूहळू खाली यायला हवं, धावण्याच्या लयीत. शेवटच्या तीन पावलांत उजवा हात कमरेवरून कानाजवळून वर जातो आणि डावा त्याच्याबरोबर उचलला जातो. इथे खूप जणांचा डावा हात वर न जाता पुढे जातो. टोक बॉक्समध्ये टाकायची घाई असते ना, मग हात बॉक्सच्या दिशेने ढकलला जातो, टोक आधी पोचतं आणि उजवा हात अजून कानाशीच. तिथून पुढे सगळं उशिरा. त्यामुळे ढकलायची सवय टेकऑफला लागत नाही, ती दोन पावलं आधीच लागलेली असते.

हाताची उंची दहा सेंटिमीटरने वाढली तर काय होतं तेही सांगून टाकतो कारण मुलांना हे खरं वाटत नाही. मघाचंच उदाहरण, पाच मीटरची ग्रिप. वरचा हात दहा सेंटिमीटर वर गेला की कोन २९ वरून साडेतीस अंशावर येतो, सव्वा अंशाच्या आसपास फरक. ऐकायला काहीच नाही. पण पोल तेवढा आधीच उभा झाला, तेवढं फिरवायचं काम वाचलं, आणि त्याच धावेवर थोडी वरची ग्रिप किंवा थोडा कडक पोल झेपायला लागतो. हे दहा सेंटिमीटर कुठून येतात? खांदा कानाला लागेपर्यंत वर नेल्याने. आणि डावा हात पुढे रोवून ठेवला असेल तर उजवा खांदा वर जात नाही, मागेच लटकतो. स्वतः उभं राहून करून बघा, डावा हात छातीच्या उंचीवर समोर ताठ दाबून धरा आणि मग उजवा हात वर ताणा. आता डावं कोपर बाहेर उघडून मूठ कपाळाच्या वर न्या आणि परत ताणा. फरक लगेच कळतो, पोलची गरज नाही.

दुसऱ्या टोकाचा धोकाही तेवढाच खरा आहे, म्हणून फक्त ‘ढकलू नको’ असं सांगणाऱ्या कोचवर माझा विश्वास नाही. मुलाला तेवढंच सांगितलं की तो डावा हात सोडूनच देतो. टेकऑफला कोपर मिटतं, पोल छातीला लागतो, कमर पुढे निसटते, पाय आधीच वर धावतात आणि माणूस पोलच्या खालून निघून जातो. जो दाब पोलवर जायला हवा होता तो जातच नाही. हलक्या पोलवर हे खपतं, कडक पोलवर पोल तुम्हाला सरळ रनवेवर परत पाठवतो. डाव्या हाताला काम आहेच, दाबायचंही आहे, फक्त तो दाब वरच्या दिशेने हवा, पोलच्या खालून वर, उडीच्या दिशेत. मग शरीर आलं की त्याला जागा द्यायची. आधी ताकद आणि लगेच मऊपणा, टेकऑफचा पाय जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग असतो त्यात. हे विचार करून करता येत नाही, म्हणून ड्रिल्स.

माझ्याकडे एक मुलगी होती, खांदे जबरदस्त, बेंच प्रेसची हौस. तिचा पोल असा वाकायचा की बघणारे थांबून बघायचे, आणि ती पडायची बॉक्सपासून हातभर अंतरावर. फोनवर सेकंदाला २४० फ्रेम्सने तिची उडी घेतली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघत बसलो. टोक भिंतीला भिडलं, त्या फ्रेमला तिचं डावं कोपर जमिनीकडे टोक करून ताठ, मूठ हनुवटीच्या समोर, आणि बूट अजून पूर्ण तळव्यासकट जमिनीवर. पुढच्या फ्रेम्समध्ये पोल वाकतोय, डाव्या दंडाचा स्नायू टरारून आलाय, आणि छाती आहे तिथेच आहे. उजवा गुडघा वर आला होता तो परत खाली जायला लागला. तिला ते दिसल्यावर ती म्हणाली, “सर, मी तर पोलला अडवतेय.” मला त्यापुढे समजावायला काही उरलंच नाही.

तिला मी न वाकणाऱ्या पोलवर नेलं, खाली ग्रिप, मोजकी पावलं. या पोलवर डाव्या हाताने ढकललं की लबाडी लगेच पकडली जाते, पोल वाकून तुम्हाला खूश करत नाही, तो तुम्हाला एका बाजूला फिरवून टाकतो आणि तुम्ही उजवीकडे-डावीकडे पडता. सरळ आत जायचं तर हात उंच न्यायचे, उडी मारायची आणि लटकायचं, जुन्या लोकांसारखं. मग तेच एका हाताने, फक्त उजवा हात पोलवर, अगदी खालची ग्रिप. डावा हातच नाही म्हटल्यावर कळतं की वजन कुणी उचलायचं असतं. त्यानंतर डावा परत पोलवर ठेवला तेव्हा तो पाहुण्यासारखा वागायला लागला, मदत करायचा पण मालकी दाखवायचा नाही. ग्रिपमधलं अंतर पण दोन बोटं कमी केलं. अंतर जास्त असलं की डावी मूठ खाली आणि पुढे जाते, ढकलायचा मोह वाढतो. नवशिक्यांच्या पोलवर मी खालच्या हाताच्या जागी टेपची एक पट्टी लावून ठेवतो, कारण कंटाळा आला, भीती वाटली किंवा वारा समोरून असला की तो हात आपोआप खाली सरकतो आणि पोरांना कळतही नाही.

शब्दांचा परिणाम पण विलक्षण असतो. एकाच मुलाला आज ‘पुढे’ म्हणा आणि उद्या ‘वर’ म्हणा, दोन वेगळे टेकऑफ बघायला मिळतात. मी आता डाव्या हाताबद्दल फक्त एकच गोष्ट ओरडतो, “कोपर बाहेर, मूठ वर.” उजव्या हाताबद्दल तेही ओरडत नाही, डावा वर गेला की उजवा जातोच.

सगळे मोठे व्हॉल्टर सारखंच करतात असं नाही हं. कुणाचं कोपर जास्त वाकतं, कुणी जास्त वेळ दाब ठेवतो, आणि विश्वविक्रमवीर मोंडो डुप्लांटिसकडे बघून तंत्र शिकायला जाऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण तो धावतोच असा की बाकीच्यांचे नियम त्याला जरा उशिरा लागू होतात. २०२४ ला झ्युरिकला त्याने ४०० मीटर हर्डल्सचा धावपटू कार्स्टन वॉरहोमला शंभर मीटरमध्ये हरवलं, १०.३७ सेकंद, आणि २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ६.३०. त्या वेगाने पोलवर गेल्यावर पोल वाकणारच, डाव्या हाताची परवानगी कोण मागतंय. शिकायचं असेल तर त्याचा हात किती अंशात वाकला ते मोजू नका, तो हात कधी उंच पोचला ते बघा. पाय टेकायच्या आत दोन्ही हात वर पोचलेले असतात, ते मात्र कुणालाही शिकता येतं.

माझा एक जुना सहकारी आजही नवीन मुलांना रुंद ग्रिप आणि मऊ पोल देऊन ढकलायला लावतो. त्याचं म्हणणं, पहिल्या आठवड्यात पोल वाकला की पोरगं खूश, खूश झालं की परत येतं, तंत्र नंतर बघू. मुलं टिकवायची म्हणून त्याचं चुकतंय असं मला छातीठोक म्हणता येत नाही, त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त मुलं येतात. मग कधीतरी मऊ पोल संपतात, कडक पोल येतो, तो ढकलून वाकत नाही, आणि संध्याकाळी त्याचा मला फोन येतो की एकाला पाठवतोय, जरा त्याचा डावा हात बघशील का. मी म्हणतो पाठव, पण आधी त्याच्या पायाचा व्हिडिओ पाठव.